‘ऑनलाइन अर्ज’ नेमका कोणी भरला? अर्थ व सांख्यिकी संचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक आणि सर्व सहकारी,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : राज्याची डिजिटल प्रगती मोजताना माणूसही मोजण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते. तुमची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते आणि ती आली की पुढचे पंधरा दिवस आमच्या वर्गात दुसरं काही चालत नाही. पुस्तकातली उदाहरणं मुलांना परकी वाटतात. आपल्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न मुंबई-पुण्याच्या शेजारी छापलेलं दिसलं, की मागच्या बाकावरची पोरंही वही काढतात. म्हणून हे पत्र मी तंत्रज्ञानाच्या खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. मोजणं हे तुमचं काम आहे, आणि ते तुम्ही किती कष्टाने करता हे मला ठाऊक आहे.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. किती गावांत टॉवर पोहोचले, किती सेवा पोर्टलवर आल्या, किती अर्ज ऑनलाइन दाखल झाले, हे आकडे सरकारकडे आपोआप जमतात. यापुढे प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसाला यातलं स्वतःच्या हाताने काय करता येतं, तेही मोजा.

माझा एक जुना विद्यार्थी एसटी स्टँडच्या मागे आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जून उजाडला की उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांची झुंबड उडते, तेव्हा शनिवारी मी त्याच्याकडे जाऊन बसते. कागद लावून देते, नावांची स्पेलिंगं तपासते. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी एक आजी आल्या. पगारीचं काम होतं. त्यांच्याकडे निराधार योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात. अंगठा लावला, जुळला नाही. माझ्या विद्यार्थ्याने ओल्या फडक्याने अंगठा पुसून दिला, पुन्हा लावला, नाही. डाव्या हाताचा लावला, तोही नाही. आयुष्यभर कापूस वेचून बोटांवरच्या रेघा राहिल्याच नव्हत्या. मग ओटीपीचा मार्ग धरला. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत, आणि शिफ्ट चालू असताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचा फोन आला, त्याने आकडे सांगितले, पण तोवर ते बाद झाले होते. आजींची शेवटची गाडी साडेसहाला होती. त्या सोमवारी परत आल्या, आणि तेव्हा काम झालं.

त्या सोमवारी राज्याच्या खात्यावर एक ऑनलाइन अर्ज जमा झाला. तो खोटा नाही, अर्ज तारेतूनच गेला. पण आजी डिजिटल झाल्या का? त्यांनी दोनदा एसटीचा प्रवास केला, एक दिवसाची मजुरी बुडवली, आणि जे काम पूर्वी तलाठ्याच्या सहीने व्हायचं ते आता तीन माणसांच्या मदतीने झालं.

त्या केंद्रात एक लाल पुठ्ठ्याची दोनशेपानी वही आहे. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं, त्यांचे युजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेले आहेत. बहुतेक पासवर्ड सारखेच, नावापुढे एक-दोन-तीन. माझा विद्यार्थी भला माणूस आहे. लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, पुढच्या वेळी पुन्हा नवं खातं काढायला लागू नये म्हणून तो लिहून ठेवतो, आणि वही रात्री कपाटात कुलपात जाते. तरी ती वही पाहिली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तालुक्याची डिजिटल ओळख एका कपाटात आहे, आणि कोणत्याही तक्त्यात तिला रकाना नाही.

आता देशादेशांच्या तुलनेकडे येते, कारण राज्यातली मोजणी कशी असावी हे मला तिथूनच उमगलं. गेली काही वर्षं मी हे अहवाल नेमाने वाचते आणि वर्गात वापरते.

युरोपीय आयोगाने २०१४ पासून ‘डिजिटल अर्थव्यवस्था आणि समाज निर्देशांक’ काढायला घेतला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डेसी म्हणतात. सदस्य देशांना दर वर्षी गुण आणि क्रमांक मिळायचे. २०२२ च्या यादीत फिनलंड ६९.६ गुणांनी पहिला होता, पाठोपाठ डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वीडन. रुमानिया ३०.६ गुणांनी सत्ताविसावा, म्हणजे शेवटचा. युरोपची सरासरी ५२.३. गुण चार भागांतून येत : लोकांचं कौशल्य, जाळ्याची पोहोच, उद्योगांतला वापर आणि सरकारी सेवा. चारही भागांना सारखं वजन, पंचवीस-पंचवीस टक्के.

मी मुलांना यातला रुमानिया नेहमी उघडून दाखवते. शेवटचा नंबर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते रखडणारं नेट आणि वाकलेले खांब. प्रत्यक्षात घरापर्यंत फायबर पोहोचवण्यात रुमानिया युरोपात पुढच्या रांगेत आहे. २०२३ च्या आसपास तिथल्या दहांतल्या नऊहून अधिक घरांपर्यंत फायबर पोहोचलं होतं. त्याच सुमारास जर्मनीत हे प्रमाण साधारण तीस टक्के होतं. यामागची गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर रुमानियात मोठ्या वसाहतींमधल्या तरुण पोरांनी या इमारतीतून त्या इमारतीत केबल ओढून मोहल्ल्यापुरती जाळी उभी केली. आपल्याकडे केबलवाल्यांनी गच्चीगच्चीवरून वायर नेऊन टीव्ही घराघरात पोहोचवला, तसंच. पुढे मोठ्या कंपन्यांनी ही छोटी जाळी विकत घेतली आणि त्यांच्या जागी फायबर घातलं.

मग शेवटचा नंबर का? २०२३ च्या युरोपीय पाहणीत किमान डिजिटल कौशल्य असलेल्यांचं प्रमाण नेदरलँड्समध्ये ८२.७ टक्के होतं आणि रुमानियात २७.७ टक्के. तार उंबऱ्यापर्यंत आली, पण घरातल्या माणसाला तिच्यावर काम करायला कोणी शिकवलं नाही. सरकारी सेवांतही तो देश मागे पडला. एकाच देशाचं जाळं पुढच्या रांगेत आणि माणूस शेवटच्या, हे त्या ३०.६ मधून कोणाला कळणार?

एस्टोनियाचं उदाहरण उलट बाजूचं आहे. तेरा-चौदा लाख वस्तीचा हा देश. २००१ मध्ये त्यांनी सरकारी खात्यांच्या संगणकांना एकमेकांशी बोलता येईल अशी व्यवस्था उभारली, पुढच्याच वर्षी डिजिटल ओळखपत्र आणलं आणि २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदान सुरू केलं. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथला एक साधा नियम : नागरिकाने एखादी माहिती सरकारला एकदा दिली, की दुसऱ्या खात्याने ती त्याच्याकडे पुन्हा मागायची नाही, आपसात मिळवायची. त्या केंद्रात बसून एकाच माणसाचं रेशनकार्ड, आधार आणि लाइटबिल वर्षातून चौथ्यांदा स्कॅन करून ठरावीक केबीत बसवताना मला एस्टोनिया आठवतो. सरकारनेच दिलेला कागद सरकारच पुन्हा मागतं, आणि त्याच्या झेरॉक्सचे पैसे मजुराच्या खिशातून जातात.

असा हा एस्टोनिया २०२२ च्या डेसीमध्ये सरकारी सेवांत पहिला होता आणि एकूण क्रमवारीत नववा. दोन्ही आकडे खरेच. वर्गात मी हे गुणपत्रिकेवरून समजावते. एका मुलीला गणितात पंच्याण्णव आणि इतिहासात पस्तीस, दुसरीला दोन्हींत पासष्ट. दोघींची सरासरी पासष्टच. पण पहिलीला इतिहासाची शिकवणी हवी आणि दुसरीला वेगळंच काही हवं. फक्त सरासरी पाहून शिकवणी लावली, तर दोघींचंही वर्ष वाया जाईल.

हे युरोपच्याही ध्यानात आलं असावं. २०२३ पासून त्यांनी देशांना एकच गुण आणि एकच क्रमांक देणं सोडलं. आता २०३० सालासाठी उद्दिष्टं ठरवली आहेत आणि कोणता देश कोणत्या उद्दिष्टापासून किती लांब आहे, हे बाबवार मांडलं जातं. त्यातलं एक उद्दिष्ट असं, की ८० टक्के प्रौढांना किमान डिजिटल कौशल्य असावं. २०२३ मध्ये युरोपची मजल ५५.६ टक्क्यांपर्यंत गेली होती. जर्मनीसारखा यंत्रांचा देश ५२.२ वर होता. त्याच जर्मनीने २०१७ मध्ये कायदा करून ५७५ प्रकारच्या सरकारी सेवा २०२२ अखेर ऑनलाइन आणायचं ठरवलं होतं, आणि मुदत संपली तेव्हा त्यातल्या थोड्याच झाल्या होत्या. श्रीमंतीवर हे काम होत नाही, एवढं यातून दिसतं. परभणीला आणि नंदुरबारला यात आशा आहे असं मला मनापासून वाटतं.

‘किमान कौशल्य’ ते कसं मोजतात, हे तुमच्या कामाचं आहे म्हणून जरा विस्ताराने सांगते. पाहणीतला माणूस १६ ते ७४ वयाचा. ‘तुम्हाला इंटरनेट येतं का’ असं त्याला कोणी विचारत नाही. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही काय काय केलं, असं विचारतात. एखाद्या वस्तूची माहिती शोधली का, वाचलेलं खरं आहे का याची खातरजमा केली का, कोणाला संदेश किंवा ईमेल पाठवली का, फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली का, एखाद्या ॲपला आपलं ठिकाण पाहायची परवानगी नाकारली का. अशी कामं पाच गटांत विभागली आहेत : माहिती शोधणं, संपर्क ठेवणं, स्वतः काही तयार करणं, सुरक्षितता आणि अडचण सोडवणं. पाचही गटांत काही तरी केलेलं असेल, तरच माणूस ‘किमान’ म्हणून गणला जातो. दिवसभर रील पाहणारा पहिल्याच दमात गळतो.

आपल्याकडे काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, विचारलं होतं की तुम्ही कधी इंटरनेट वापरलं आहे का. कधी म्हणजे आयुष्यात एकदा तरी. त्यालाही देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी हो म्हटलं. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के, पुरुष साडेएकसष्टच्या आसपास. देशाच्या पुढे आहोत, पण प्रश्नच किती उथळ होता ते पाहा. नातवाच्या फोनवर एकदा भजन लावणारी आजी आणि स्वतः सातबारा काढून पंधरा रुपये भरणारी शेतकरी बाई एकाच रकान्यात. आणि तो रकानासुद्धा बासष्ट टक्के बायकांनी रिकामा ठेवला. त्यानंतर फोन पुष्कळ वाढले, हे मी रोज पाहते. पण फोन वाढले म्हणजे काय वाढलं, हे सांगणारा जिल्हावार आकडा मला वर्गात दाखवायला मिळत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीने ७८ व्या फेरीपासून बरे प्रश्न विचारायला घेतले आहेत. जोडपत्रासह ईमेल पाठवता येते का, कॉपी-पेस्ट येतं का, असे. ते स्वागतार्ह आहे. पण ‘येतं का’ या प्रश्नाला आपल्याकडे कसं उत्तर मिळतं, हे तुमचे अन्वेषक माझ्याहून चांगलं सांगतील. दारात साहेब उभा असला की पुरुष म्हणतो येतं, आणि बाई म्हणते त्यांना विचारा.

जगाच्या इतर याद्यांमध्येही हाच घोळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ई-शासन निर्देशांकात २०२४ मध्ये १९३ देशांत भारत ९७ वा होता. त्याआधी, २०२२ मध्ये, १०५ वा. डेन्मार्क २०१८ पासून सलग चार वेळा पहिला. बातमी तेवढ्यावरच संपली. त्या निर्देशांकाचे तीन समान भाग आहेत : ऑनलाइन सेवा, दूरसंचार आणि शिक्षण. भारताचे ऑनलाइन सेवांचे गुण चांगले असतात आणि बाकीचे दोन भाग त्याला खाली ओढतात. म्हणजे पोर्टल छान आहे, पण पोर्टलपर्यंत पोहोचणारा माणूस मागे आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या केंद्रात जे दिसतं तेच. दिल्लीच्या इक्रिअर या संशोधन संस्थेने तर हे एकाच अहवालात दाखवलं आहे : एकूण आकाराने पाहिलं तर भारत जगातली तिसरी मोठी डिजिटल झालेली अर्थव्यवस्था, आणि माणशी वापर पाहिला तर जी-२० देशांत बारावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निर्देशांक २०१७ नंतर काही वर्षं बंदच राहिला, कारण काय आणि कसं मोजायचं यावर देशांचं एकमत होईना. २०२३ मध्ये तो नव्या पद्धतीने पुन्हा आला. आपल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. मला त्याचा मनापासून अभिमान आहे, आमच्या आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवरसुद्धा कोड लावलेला असतो. पण दोन हजार कोटी हा व्यवहारांचा आकडा आहे. पाच माणसांनी रोज वीसदा पैसे पाठवले काय आणि शंभर माणसांनी रोज एकदा पाठवले काय, बेरीज तीच येते.

डेन्मार्कबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथे सरकारची पत्रं नागरिकांना डिजिटल टपालातच येतात. ज्याला जमत नाही त्याला अर्ज करून कागदी पत्र मागता येतं. २०२५ संपताना तिथल्या टपाल कंपनीने घरोघरी पत्रं वाटणंच बंद केलं. चारशे वर्षांची रीत संपली. या बातम्या आपल्याकडे कौतुकाने आल्या. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. २०२१ मध्ये तिथल्या डिजिटल खात्याने आणि नगरपालिकांच्या संघटनेने स्वतःच मोजून जाहीर केलं, की आपल्या प्रौढांपैकी साधारण पाचवा हिस्सा या व्यवस्थेत अडखळतो. त्यात फक्त म्हातारी माणसं नव्हती. अपंग होते, परदेशातून आलेले होते, आणि पहिल्यांदा भाडेकरार करणारी, पहिल्यांदा कर भरणारी तरुण मुलंही होती. जगात पहिला आलेला देश आपल्या मागे राहिलेल्यांची यादी करतो. पहिल्या नंबरासाठी त्याला त्या यादीची काहीच गरज नव्हती.

आता आपल्या राज्यात काय करता येईल, ते मला सुचतं तसं लिहिते.

सगळ्यात आधी एक प्रश्न. घरातल्या प्रत्येक प्रौढाला, बाईला बाईच्या तोंडून, विचारावं : गेल्या तीन महिन्यांत सरकारचं, बँकेचं किंवा दवाखान्याचं एखादं काम ऑनलाइन झालं का, आणि ते करताना बोटं कोणाची होती? तुमची, घरातल्या दुसऱ्या कोणाची, की पैसे घेऊन करून देणाऱ्याची? किती पैसे दिले, किती वेळा जावं लागलं, ओटीपी कोणाच्या फोनवर आला? हा एक प्रश्न नीट विचारला तर त्या लाल वहीतलं सगळं तक्त्यात येईल. सेवा केंद्रांना कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. केंद्रचालकांनी या राज्याचा डिजिटल कारभार अक्षरशः पाठीवर वाहिला आहे. पण त्यांच्या कष्टावर उभा असलेला आकडा आपण नागरिकांचं कौशल्य म्हणून छापू नये. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करावी असं ठरलं, ई-पीक पाहणी. कल्पना सुरेख आहे. आमच्या गावांत ती नोंद कॉलेजात जाणारी पोरं शंभर-पन्नास रुपये घेऊन करून देतात. किती शेतकऱ्यांनी खरोखर स्वतः केली, हे कळलं तर पुढच्या हंगामाआधी कुठे शिकवायला जायचं तेही कळेल.

दुसरं म्हणजे, विचारण्यासोबत करून बघायला सांगावं. याचा उत्तम नमुना मराठी मातीतच आहे. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ अहवालासाठी मुलांसमोर वाचनाचा कागद ठेवते, तसंच २०२३ च्या फेरीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना फोन आणायला सांगून त्यावर गजर लावायला, माहिती शोधायला, नकाशावर रस्ता काढायला आणि व्हिडिओ शोधून पाठवायला सांगितलं होतं. त्याच पाहणीत दिसलं की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. हे माझ्या वर्गात मी रोज बघते. मुलींच्या फोनचा पासवर्ड भावाला माहीत असतो, भावाचा त्यांना नाही.

सेवांची परीक्षाही तशीच घ्यावी. युरोपात ई-शासनाची तपासणी करायला प्रशिक्षित माणसं सामान्य नागरिकासारखी संकेतस्थळावर जातात. घर बदलायचं आहे, धंदा सुरू करायचा आहे, नोकरी गेली आहे, अशा प्रसंगांत काय काय करावं लागतं ते एकेक पायरी चढून पाहतात आणि कुठे अडकलो ते लिहून ठेवतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने आपण मुदती बांधून दिल्या, ते मोठं पाऊल होतं. आता त्या मुदतीचं घड्याळ केव्हा सुरू होतं तेही पाहायला हवं. आजींचं घड्याळ शनिवारी सकाळी सुरू झालं, पोर्टलचं सोमवारी दुपारी.

आणि या सगळ्याचा एक गुण, एक क्रमांक कृपा करून काढू नका. छत्तीस जिल्ह्यांची यादी निघाली की वरच्या जिल्ह्याचा सत्कार होतो, खालच्याला नोटीस जाते, आणि पुढच्या वर्षी आकडे सुधारतात. माणसं सुधारतातच असं नाही. कौशल्य वेगळं, जोडणी वेगळी, सेवा वेगळी आणि स्त्री-पुरुषांतलं अंतर वेगळं, अशी तालुक्याला स्वतःची गुणपत्रिका मिळू द्या.

खर्चाची अडचण मला कळते. जिल्ह्याचा विश्वासार्ह आकडा हवा तर नमुना वाढतो, आणि अन्वेषकांच्या किती जागा रिकाम्या आहेत हे आमच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयाच्या जिन्यातही समजतं. पण राष्ट्रीय नमुना पाहणीनेच जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक धरायला सुरुवात केली आहे, आणि राज्याचा स्वतंत्र नमुना तुम्ही वर्षानुवर्षं घेताच. नवी यंत्रणा लागणार नाही, त्याच फेरीला चार पानं जोडायची आहेत. निघालेला आकडा ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त छापला, तर तो आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत पोहोचतो.

असं मोजून काय साधतं, असं मला एका मुलीने विचारलं होतं. मी तिला खिडकीतून निळी बस दाखवली. आपल्या राज्याने मानव विकासाचा निर्देशांक तालुक्यापर्यंत नेला, त्यातून २२ जिल्ह्यांतले १२५ तालुके मागे आहेत हे ठरलं, आणि त्या तालुक्यांत मुलींना शाळेत आणणाऱ्या एसटीच्या निळ्या गाड्या सुरू झाल्या. ती मुलगी त्याच बसने यायची. कोण्या अधिकाऱ्याने भरलेल्या एका तक्त्यामुळे आपण बारावी झालो, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभलीत दिला गेला. देशाच्या डिजिटल ओळखीची सुरुवात आपल्या एका आदिवासी गावातून झाली. त्या गावातली आज चाळिशीत असलेली बाई स्वतःच्या हाताने कोणकोणतं काम करू शकते, हे तुम्ही मोजलंत, तर तिच्यासाठीही कोणती तरी निळी बस निघेल.

प्रश्नावलीच्या मराठीबद्दल शेवटची एक गोष्ट. ‘आंतरजाल सुविधेचा अभिगम’ असं छापलंत तर आमच्याकडे उत्तर मिळणार नाही. ‘नेट’, ‘ओटीपी’, ‘थम’, ‘स्कॅनर’ हे शब्द आता इथल्या बोलीतले आहेत, तेच वापरा. चाचणी म्हणून प्रश्नावली आधी कुठे तपासायची असेल, तर आमच्या द्वितीय वर्षाच्या बावीस मुली तयार आहेत. त्यांना मानधन नको, फक्त पाहणीच्या शेवटच्या पानावर महाविद्यालयाचं नाव यावं अशी त्यांची इच्छा आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी कळवलंत तर गावं वाटून देता येतील, नंतर त्यांची कापूस वेचणी सुरू होते.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका,
जिल्हा परभणी